मामांनी दिलेला डाग

माझ्या मामांनी एकतीस वर्षं तंत्रशाळेत धातुकाम शिकवलं. म्हणजे फळ्यावर शिकवलं. वेल्डिंगची ज्योत ते रंगीत खडूनं इतकी हुबेहूब काढत, की तपासणीला आलेले अधिकारी फळ्यापासून दोन हात लांब उभे राहत, असं ते स्वतःच सांगत. खरी ज्योत पेटवायला वर्कशॉपमध्ये एक मदतनीस होता. मामांचं म्हणणं असं, की सिद्धांत पक्का असला की हात आपोआप चालतो. एकतीस वर्षांत हे तपासून बघायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

निवृत्त झाल्यावर लोक कुंड्या लावतात किंवा सुनेच्या कामात लक्ष घालतात. मामांना सून नव्हती आणि कुंड्यांवर मामींचा ताबा होता. म्हणून त्यांनी बोट घेतली. एकट्यानं नाही, साडूंबरोबर अर्धी-अर्धी. साडू दातांचे डॉक्टर. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. लग्नं झाल्यापासून या दोन जावयांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे सासऱ्यांना काही कळत नव्हतं. सासरे गेल्यावर बोलायला विषय उरला नाही, तेव्हा बोट आली.

बोट लहानशी, शिडाची, आणि वयानं माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिसऱ्या माणसानं गुडघे कुठे ठेवायचे हा हट्ट सोडला, तर तीन माणसं मावायची. तिसरं माणूस म्हणजे मी. मला घेतलं होतं ते वजन म्हणून. वारा बोटीला ज्या बाजूला कलंडवेल, त्याच्या उलट बाजूला मी जाऊन बसायचं. "विचार करायचा नाही," मामांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मी सांगेन तेव्हा सरकायचं."

या बोटीचं सुकाणू म्हणजे पाठीमागे दरवाजासारखं टांगलेलं एक जाड फळकूट. दाराला असतात तशाच दोन स्टीलच्या बिजागऱ्यांवर ते लटकतं, एक वर, एक पाण्यालगत. वरून एक लाकडी दांडा आत येतो. तो हलवला की सुकाणू वळतं आणि सुकाणू वळलं की बोट. दांडा अर्थातच मामांकडे असे. डॉक्टर शिडाच्या दोऱ्या ओढत आणि मामांच्या चुका मोजत.

चीर पहिल्यांदा दिसली ती डॉक्टरांना. एका रविवारी बोट धक्क्यावर ओढून ठेवली होती, आणि त्यांनी खिशातून दात बघायचा तो दांडीवरचा वाटोळा आरसा काढला. तो ते कायम जवळ बाळगत, लग्नसमारंभातसुद्धा. वरच्या बिजागरीच्या वळणाच्या आतल्या अंगाला आरसा धरून ते म्हणाले, "सर, इथं चीर आहे."

"ओरखडा आहे तो," मामा न वाकताच म्हणाले.

"नख अडकतंय माझं."

"नखं वाढलीत तुमची."

"माझ्याकडे पेशंट येतो तेव्हा मी त्याला ओरखडा म्हणून घरी पाठवत नाही."

"डॉक्टर, दात वेगळा आणि स्टेनलेस स्टील वेगळं. हा माझा विषय आहे."

मग धातू कसा थकतो, यावर मामांनी धक्क्यावरच अर्धा तास सांगितलं. जाळी विणत बसलेला एक कोळी नम्रपणे ऐकत होता, कारण त्याला जाळी सोडून उठता येत नव्हतं. बोलता बोलता मामांनी स्वतःलाच पटवलं, की चीर आहे, परंतु ती चिंताजनक प्रकारातली नाही. घरी नेऊन त्यांनी तिच्यात दोन ट्यूब मिसळून करतात ती घट्ट लांबी भरली, घासली, आणि वरून पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. चीर बंद झाली. निदान दिसायची बंद झाली, आणि आमच्या घरात बऱ्याच गोष्टींचा निकाल असाच लागतो.

तिसऱ्या रविवारी त्या पांढऱ्या रंगावर चहाच्या ओघळासारखी तपकिरी रेघ उमटली. डॉक्टरांनी टोकदार हत्यारानं जरा उचकटताच लांबीचा अख्खा तुकडा त्यांच्या तळहातावर आला. त्यांनी तो मामांपुढे धरला.

"किडलेलं साफ न करता वरून भरलं की असंच निघतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढा आनंद मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही ऐकला नव्हता.

मामा चिडले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "वेल्डिंगचा डाग द्यावा लागेल. मी देतो."

हे ऐकून मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि एकदा मामांकडे पाहून परत गेल्या.

मामा मला घेऊन जुन्या शाळेत गेले. सरांचा मान ठेवून तिथल्या लोकांनी वर्कशॉप उघडून दिलं. शिपाई, भांडारपाल आणि हजेरी लिहिणाऱ्या बाई असा प्रेक्षकवर्ग जमला. मामांनी नवा कोरा चामडी एप्रन बांधला, तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा घेतला आणि आधी प्रास्ताविक केलं. मग वेल्डिंगची काडी टेकवली. काडी चिकटली. ओढून काढली, परत टेकवली, परत चिकटली. चौथ्या खेपेला ठिणगी उडाली तेव्हा मामा स्वतःच इतके दचकले, की शिपायानं त्यांना मागून आधार दिला. तासाभरानं बिजागरी तयार झाली. चिरेवरून एखादी आजारी गोगलगाय वाटेत तीनदा विश्रांती घेऊन गेली असावी, असा तो डाग दिसत होता. पण त्यानं धरलं होतं. मामांनी ती बिजागरी दगडावर आपटून दाखवली. भांडारपालानं टाळ्या वाजवल्या. तो पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होता आणि सगळ्यांशी गोड वागत होता.

घरी दोन दिवस बिजागरी जेवणाच्या टेबलावर होती. येईल त्याला ती हातात दिली जाई. मामी म्हणाल्या, "छान झालंय. फोड आल्यासारखं दिसतंय, पण छान झालंय."

त्यानंतरच्या रविवारी आमच्या बोट-क्लबची वार्षिक शर्यत होती. सहा बोटी. वारा भरपूर, खाडीचं पाणी उचलून आलेलं. आम्ही चक्क तिसरे होतो आणि मामा अंगात आल्यासारखे दांडा फिरवत होते. शर्यतीची खूण म्हणून पाण्यात सोडलेल्या दुसऱ्या पिंपाला वळसा घालताना मागून टक् असा आवाज आला, कुणी बोटं मोडावीत तसा. वरची बिजागरी तुटली होती. सुकाणूनं मान टाकली आणि ते खालच्या एका बिजागरीवर तिरपं लोंबायला लागलं. दांडा खोबणीतून निसटून मामांच्या हातात आला.

बोटीला आता कुणीच सांगणारं नव्हतं, तेव्हा तिनं स्वतःचा विचार केला आणि पंचांच्या लाँचच्या दिशेनं निघाली. लाँचवर टेबल मांडून क्लबचे अध्यक्ष बसले होते, समोर चहा आणि निकालाचे कागद.

"डावीकडे घ्या," मामा ओरडले. दांडा त्यांनी छातीशी धरला होता.

"कशानं घेऊ? दांडा तुमच्या हातात आहे," डॉक्टर म्हणाले.

"शीड सोडा मग."

"शीड केव्हाच सोडलंय."

मी विचार न करता सरकायला तयार होते, पण कुठे ते कुणी सांगेना. आम्ही लाँचवर आदळलो. फार जोरात नाही, पण टेबल कलंडायला पुरेसं. चहा अध्यक्षांच्या मांडीवर गेला आणि कागद पाण्यात. कुणाला लागलं नाही. मात्र त्या वर्षीच्या निकालाची नोंदच उरली नाही, आणि सहापैकी पाच बोटी आजही आपणच पहिले आलो असं सांगतात.

क्लबच्या चिटणीसांनी शांतपणे निर्णय सांगितला. सुकाणूचं काम एखाद्या जाणकाराकडून करून त्याच्या सहीचा कागद आणेपर्यंत बोट पाण्यात उतरवायची नाही. बाकी सगळं मामांनी गिळलं. 'जाणकार' हा शब्द त्यांच्या घशात अडकला.

आठ दिवस त्यांनी कुणाचंच ऐकलं नाही. पोलाद निकृष्ट होतं, वळसा चुकीचा होता, डॉक्टरांनी दोरी उशिरा सोडली, अशी कारणं रोज नवी येत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथं तर अंगणच पाण्याचं होतं. डॉक्टरांनी मात्र आपल्या खुर्चीत आ वासून बसलेल्या एका दूधडेअरीच्या माणसाकडून माहिती काढली. बस डेपोच्या मागे एक बाई स्टेनलेसच्या टाक्यांची कामं करते, तिनं डाग दिलेल्या टाकीतून थेंब गळत नाही, वगैरे. आ वासलेल्या माणसाकडून इतकं सविस्तर कसं कळलं, हे त्यांनाच ठाऊक.

"मी एकतीस वर्षं हा विषय शिकवला," मामा म्हणाले, "आणि आता मी कुणा बाईकडे जाऊ?"

मामी भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "अहो, छत्तीस वर्षं झाली लग्नाला. नळ गळला की तुम्ही बाहेरून माणूस बोलावता. दाराची कडी बसवायला माणूस बोलावता. तेव्हा नाही कधी विषय आठवला. बोटीनंच काय घोडं मारलंय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डेपोच्या मागच्या गल्लीत गेलो. पत्र्याची लांबट शेड. एका बाजूला उलटे ठेवलेले दुधाचे कॅन, दुसऱ्या बाजूला बसच्या मोडक्या सिटांचे सांगाडे, मध्ये जाड काळा पडदा आणि त्यामागे निळा उजेड. उजेड बंद झाला आणि बाई बाहेर आल्या. पंचेचाळिशीच्या असाव्यात. डोक्याला घट्ट फडकं, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. कामाची माणसं त्यांना ताई म्हणत होती. त्यांनी तुटलेले दोन तुकडे हातात घेतले, चष्मा लावला आणि मामांच्या डागावरून अंगठा फिरवला.

"हा डाग कुणी दिला?"

"तो तसा तात्पुरता होता," मामा म्हणाले.

"लोखंडाच्या काडीनं दिलाय. स्टेनलेसला." त्यांनी तुकडा पालथा केला. "बाजूनंच तुटलंय. तुटणारच होतं."

डॉक्टर छताकडे बघत राहिले. मी डॉक्टरांकडे बघायचं टाळलं. ताईंनी मामांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि चष्मा काढला.

"सर, तुम्ही मला ओळखलं नाहीत."

मामांना बुडत्याला दोर मिळावा तसं झालं. "अगं, म्हणजे तू माझी विद्यार्थिनी." ते आमच्याकडे वळले. "पाहिलंत? माझीच विद्यार्थिनी निघाली."

"तीन महिने होते," ताई म्हणाल्या. "मग तुम्ही मला भांडारात बसवलंत, काड्या मोजायला. मुलींना ठिणग्या सोसत नाहीत म्हणालात."

"असं म्हणालो मी?"

"हो. वर्षभर काड्या मोजल्या." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्या हजेरी घ्यावी तसं सांगत होत्या. "एक फायदा झाला. कुठली काडी कशाची, ते पाठ झालं."

पलीकडे एक बस मागे घेताना कुणीतरी पत्रा बडवत होतं. मग ताईंनी विचारलं, "खालची बिजागरी कुठाय?"

"ती चांगली आहे," मामा म्हणाले. "तिला काही झालेलं नाही."

"आणा."

खालची आणली. ताईंनी दोन्ही मामांच्या पुढे ठेवल्या, तारेचा ब्रश दिला आणि बसायला एक कॅन दिला. रंग, लांबी आणि डाग, सगळं काढून मूळ धातू दिसला पाहिजे, एवढंच सांगून त्या पडद्यामागे गेल्या. मामा घासत बसले. आधी त्यांनी रंगाचे दोन हात दिले होते, ते दोन्ही काढले. उरलीसुरली लांबी काढली. मग ताईंच्या माणसानं यंत्र चालवून दाखवलं, तेव्हा स्वतःचा डागही स्वतःच्या हातानं घासून उडवला. सगळी दुपार त्यात गेली. इतकं शारीरिक काम त्यांनी माझ्या देखत कधी केलं नव्हतं.

स्वच्छ झालेल्या बिजागऱ्यांवर ताईंनी लाल पातळ औषध लावलं, थोडा वेळ थांबून ते पुसून टाकलं, आणि वरून पांढरी भुकटी फवारली. पांढऱ्यावर हळूहळू लाल रेघा उगवायला लागल्या. जिथं चीर, तिथं आत मुरलेलं लाल वर येतं. वरच्या बिजागरीवर तीन रेघा आल्या. खालची, जिला काही झालेलं नव्हतं, ती बोल्टांच्या भोकांभोवती कोळ्यानं जाळं विणावं तशी लाल झाली.

"हिच्या भरवशावर आम्ही पाण्यात उतरत होतो?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांनी आरसा खिशातून काढलाच नाही.

"जिथं हवा लागत नाही आणि खारं पाणी साचून राहतं, तिथं हा धातू आतून जातो," ताई म्हणाल्या. "वरून चकचकीतच दिसतो."

मामांनी घसा साफ केला. "चिरेच्या टोकाला भोक पाडून चीर थांबवता येते. पुस्तकात आहे."

"येते ना. टोकं किती आहेत मोजा."

मामांनी मोजली. अकरा भरली. त्यानंतर त्यांनी पुस्तकाचं नाव काढलं नाही.

ताईंनी जुन्याला डाग द्यायला साफ नकार दिला. कुजलेल्यावर कितीही चांगला डाग दिला तरी तो शेजारून तुटतो, म्हणाल्या. जुन्या बिजागऱ्यांचं माप घेऊन त्यांनी जाड पट्टी कापली, वाकवली, भोकं पाडली. जोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी मामांना काळ्या काचेचा मुखवटा दिला आणि पडद्याआड शेजारी बसवलं. मी पडद्याबाहेर डोळे मिटून फक्त आवाज ऐकला. एकसारखा, बारीक, मध्ये कुठे न तुटणारा. डाग थंड झाल्यावर पाहिला, तर एकमेकांवर रेलून ठेवलेल्या नाण्यांसारखा.

"आवाजावरनं कळतं," ताई म्हणाल्या. "बिघडायला लागलं की आधी आवाज बदलतो."

मामांनी वहीत लिहून घ्यावं तसा चेहरा केला. मग म्हणाले, "मी एक करून बघू का? रद्दी तुकड्यावर."

त्यांनी केलं. पहिला जोड बघून ताईंनी तो भंगारात टाकला. दुसरा बघून म्हणाल्या, "तुमचा हात थरथरत नाही, सर. पण तुम्ही बोलताय. बोललात की हात थांबतो."

पुढची दहा मिनिटं मामा गप्प बसले. आमच्या सगळ्या खानदानात हे कुणी पाहिलेलं नाही.

परतताना बसमध्ये ते खिडकीशी बसले. डॉक्टर पुढच्या सिटावर डुलक्या घेत होते.

"दर वर्षी छत्तीस मुलं," मामा म्हणाले. "एकतीस वर्षं."

मी मनात गुणाकार करत होते.

"एकानंही परत येऊन सांगितलं नाही."

"काय सांगायचं होतं?"

"काडी चिकटते म्हणून."

त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलावंसं मला वाटलं. पण खरं सांगायचं तर मी गुणाकारच पुरा करत राहिले.

माणूस एका दुपारीत बदलतो, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आमच्या मामांना भेटावं. पुढच्याच रविवारी ते क्लबमध्ये नव्या बिजागऱ्या दाखवत, "माझ्या देखरेखीखाली झालंय," असं सांगत होते. चिटणीसांनी जाणकाराच्या सहीचा कागद मागितला. मामांनी तो घडी करूनच पुढे केला. चिटणीसांनी घडी उलगडून तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. खाली ताईंनी आपल्या ठसठशीत अक्षरात एक ओळ जोडली होती: 'जुन्या कामात चुकीची काडी वापरली होती. पुन्हा वापरू नये.' डॉक्टरांनी त्या कागदाची प्रत मागून घेतली. ती त्यांच्या दवाखान्यात, दात घासण्याच्या सूचनांशेजारी लावलेली आहे.

बिजागऱ्या उत्तम आहेत. आम्ही पुढच्या शर्यतीत सहात पाचवे आलो आणि कुणालाही धडकलो नाही.

मामा दर मंगळवारी ताईंच्या शेडवर जायला लागले. घरी सांगताना ते स्वतःला सल्लागार म्हणवतात. मी एकदा डबा पोचवायला गेले, तेव्हा सल्लागार कॅनवर बसून ब्रश मारत होते, आणि ताई पडद्याआडून म्हणत होत्या, "सर, कडेचं राहिलंय." मामाही तिकडे गेल्यावर त्यांना 'अगं तू' म्हणत नाहीत, 'अहो ताई' म्हणतात. हे घरी सांगू नकोस, असं त्यांनी मला डोळ्यांनीच बजावलं. मी लगेच सांगितलं. मामी म्हणाल्या, "मंगळवार तरी शांत जातो."

सात महिने ताईंनी त्यांचं एकही काम शेडबाहेर जाऊ दिलं नाही. जे करत ते कापून परत भंगारात. मग एक दिवस बस डेपोतल्या तिकीट खिडकीवरच्या माणसाचं लोखंडी स्टूल आलं, एक पाय निखळलेलं. ते ताईंनी मामांना दिलं. मामांनी पाय जोडला, एक शब्द न बोलता. ताईंनी स्टूल उलटं करून पाहिलं, त्यावर उभं राहून पाहिलं, आणि म्हणाल्या, "जाऊ द्या."

तेव्हापासून मामा रोज सकाळी डेपोत जातात. कुठलंही तिकीट काढायचं नसताना रांगेत उभे राहतात. मी एकदा त्यांच्यामागे उभी होते. नंबर आल्यावर ते खिडकीतून आत वाकले आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "साहेब, जरा एक मिनिट उठता का?"

"आजोबा, काल बघितलंत ना," तो माणूस म्हणाला.

"काल गर्दी होती. नीट दिसलं नाही."

मागून कुणीतरी घाई करायला लागलं. तिकीटवाल्यानं सुस्कारा सोडला आणि तो उठून उभा राहिला.